खेळाची मजुरी



पुण्यातील एका उद्योगसमूहाने २०१० साली इंग्लंडातील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब विकत घेतला, ही बातमी आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. परंतु त्या गावाशी आपला संबंध याहून जुना आहे. लँकेशायर परगण्यातील ब्लॅकबर्न व त्याच्या शेजारचे डार्वेन ही कापडगिरण्यांची गावे. आपल्या पणजोबांच्या पिढीने नेसलेली कित्येक धोतरे तिथल्या मागांवर विणली गेली. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी विलायतेस गेलेले गांधीजी गिरणीकामगारांना भेटावयास मुद्दाम डार्वेनला गेले होते. त्याच डार्वेनात १८७८ साली आलेल्या एका स्कॉटिश पाथरवटाची ही हकीकत आहे. त्याचे नाव फर्गस सूटर.

त्या काळचा फुटबॉल हा सवड असलेल्यांचा खेळ होता. १८६३ साली स्थापन झालेली फुटबॉल असोसिएशन ही संस्था मुख्यतः बड्या शाळांतून शिकून निघालेल्या सुखवस्तू तरुणांच्या हाती होती. खेळाबद्दल पैसा घेणे त्यांना हलकेपणाचे वाटे. कामगारांना १८५० च्या कायद्यामुळे शनिवारी दुपारनंतर सुटी मिळू लागली होती खरी; पण सामन्यासाठी लंडनला जावयाचे म्हणजे रोज बुडवावयाचा. तो भरून कोणी द्यावयाचा, हाच खरा प्रश्न होता.

सूटर ग्लासगोचा, जन्म १८५७ चा. ऑक्टोबर १८७८ मध्ये तिथली एक मोठी बँक बुडाली आणि बांधकामे ओस पडली. सूटर डार्वेनला आला, त्याने टाकी-हातोडा हाती धरला, आणि थोड्याच दिवसांत इंग्लंडातला दगड फार टणक आहे म्हणून तो खाली ठेवला! मग तो जगे कशावर? ठराविक पगार नव्हता. गरज पडली की क्लबच्या खजिनदाराची गाठ घ्यावयाची, अशी समजूत होती. मोबदल्यात त्याने डार्वेनला स्कॉटलंडची रीत दिली. इंग्रज खेळाडू चेंडू पायाशी ठेवून एकटाच पुढे धावे. स्कॉटिश खेळाडू तो एकमेकांकडे देत पुढे सरकत.

१८७९ साली असोसिएशनच्या चषकासाठी डार्वेनची गाठ ईटनच्या माजी विद्यार्थ्यांशी पडली. एकास पाच अशी पिछाडी असताना गिरणीवाल्यांनी अखेरीस चार गोल चढवून बरोबरी साधली. जादा वेळ खेळण्यास ईटनवाल्यांनी नकार दिला. पुन्हा लंडनची वारी, पुन्हा दोन-दोन अशी बरोबरी. तिसऱ्या वारीत डार्वेन सहा-दोन असे हरले. या प्रवासांसाठी गावाने वर्गणी काढली होती.

१८८० साली सूटर ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला. पैशासाठी गेला, असा बोभाटा झाला. पण या क्लबने १८८४, १८८५ व १८८६ असा सलग तीन वर्षे चषक जिंकला, आणि तिन्ही वेळा सूटर संघात होता. दरम्यान १८८४ मध्ये प्रेस्टनच्या क्लबचालकाने आपण खेळाडूंना मोबदला देतो हे उघड कबूल केले; क्लबला स्पर्धेतून काढण्यात आले. उत्तरेकडील क्लबांनी वेगळे निघण्याची भाषा काढली, तेव्हा २० जुलै १८८५ रोजी धंदेवाईक खेळाडूस रीतसर मान्यता मिळाली.

दैवाची गंमत पाहा. १८८८ साली बारा क्लबांची लीग सुरू झाली तेव्हा सूटरची तिशी उलटली होती. लीगमध्ये त्याच्या नावावर एकच सामना आहे, आणि तोही बचावाच्या फळीत नव्हे, तर गोलरक्षक म्हणून. जेमतेम दहा वर्षांत खेळ संपला. पुढे तो हॉटेलच्या धंद्यात पडला आणि १९१६ साली वारला.

मान्यता मिळाली तरी झगडा मिटला नाही. १९०१ साली खेळाडूच्या पगारास आठवड्याला चार पौंडांची मर्यादा घातली गेली. ती मर्यादा पुढे वाढत गेली, पण तिचा जाच सुटावयास १९६१ साल उजाडले. हौस ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती ज्याला परवडते त्याने, ज्याला परवडत नाही त्याच्या हातच्या मजुरीस नाक मुरडू नये, एवढे या पाथरवटाच्या चरित्रावरून घेण्यासारखे आहे.