प्राणवायूची खोटी टंचाई

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. वैद्यकाची पदवी आमच्यापाशी नाही. पाळी संपल्यावर वाचनालयात बसून जे वाचले आणि जाणत्यांना विचारून जे समजून घेतले, तेवढेच आपल्यापुढे मांडतो.

टंचाई दोन प्रकारची असते, हे आपण जाणताच. एक खरी आणि दुसरी भासवलेली. गोदाम भरलेले असताना दारावर ‘माल संपला’ अशी पाटी लागली, की सारे व्यवहार उलटे होतात. मूत्रपिंडाचा जो कर्करोग सर्वांत अधिक आढळतो, त्यात असेच काहीसे घडते.

आपल्या पेशींत ‘हिफ’ नावाचे प्रथिन सतत तयार होत असते. प्राणवायू पुरेसा असला की काही विकरे त्याच्यावर खूण करतात. ‘व्हीएचएल’ नावाचे दुसरे प्रथिन ती खूण ओळखते आणि हिफला मोडीत काढविते. प्राणवायू कमी पडला तर खूण होत नाही. मग हिफ पेशीच्या केंद्रकात शिरून जनुकांना हुकूम सोडते : नव्या रक्तवाहिन्या काढा, साखर अधिक ओढा, प्राणवायूवाचून भागवा. ही संकटकाळची योजना होय, आणि ती प्राण वाचविते. हा उलगडा करणारे केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या कर्करोगात मात्र बहुधा व्हीएचएलचे जनुकच बिघडलेले असते. खूण होते, पण ती वाचणारा जागेवर नसतो. प्राणवायू असूनही टंचाईचे हुकूम सुटत राहतात. गाठीला रक्त मिळते, साखर मिळते, आणि ती फोफावते.

दुसरीही एक गोष्ट आहे. मूत्रपिंड साखर नुसती खर्च करीत नाही, तयारही करते. त्या कामातले एक विकर म्हणजे ‘एफबीपी-१’. २०१४ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी ६००हून अधिक गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांत हे विकर सरसकट घटलेले आढळले. ते साखरेच्या विघटनाला आवर घालते, शिवाय केंद्रकात जाऊन हिफचाही हात धरते. ते गेले की दोन्ही लगाम सुटतात.

हिफच्या एका प्रकाराला अडविणारे बेल्झुटिफान हे औषध अमेरिकेत २०२१ साली वंशागत व्हीएचएल रोगासाठी आणि २०२३ साली बळावलेल्या मूत्रपिंड-कर्करोगासाठी मान्य झाले. प्रयोगशाळेतले ज्ञान असे रोग्यापर्यंत पोचते.

पण औषधाची पाळीच का यावी? धातूच्या भागांवरचे तेल-ग्रीस काढण्यासाठी ट्रायक्लोरोएथिलीन हे द्रावण वापरले जात आले आहे. ते माणसात मूत्रपिंडाचा कर्करोग घडविते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला. धूम्रपान, लठ्ठपणा आणि रक्तदाब यांनीही धोका वाढतो. म्हणून पिंपात काय आहे, हे विचारणे मजुरी मागण्याइतकाच आपला हक्क आहे. आणि लघवीतून एकदा जरी रक्त गेले, दुखले नाही, दुसऱ्या दिवशी आपोआप थांबले, तरी खाडा पडेल म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.