दोन कोटींचा कोपरा

परवा शुक्रवारी रात्री दिल्लीत, २०२५ च्या प्रो कबड्डी लीगच्या अंतिम सामन्यात, आपण दबंग दिल्लीकडून तीन गुणांनी हरलो. ‘आपण’ म्हणजे पुणेरी पलटण. ज्यांना हे ‘आपण’ खटकलं त्यांनी खुशाल पान उलटावं. पुढे आज दुपारच्या डी. वाय. पाटीलवरच्या महिला क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्याबद्दल भरपूर वाचायला मिळेल, आणि गुरुवारी उपांत्य सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जने जे करून दाखवलं त्यानंतर ते मिळायलाच हवं. दुपारी मीही टीव्हीपुढेच असेन. पण तोवर हे कबड्डीचं ठसठसणं एकदा मोकळं करून टाकतो.

३१-२८. हा आकडा सलत नाही. सलतो तो शेवट. आदित्य शिंदेने चढाया करून करून सामना ओढत आणला, आणि अगदी अखेरीला त्याचीच पकड झाली. पकड केली फझल अत्राचलीने. हा फझल २०२२ मध्ये आपला कर्णधार होता. त्याच्यासाठी आपण १ कोटी ३८ लाख मोजले होते. त्या वर्षी वरळीत जयपूरविरुद्ध अंतिम सामना ३३-२९ असा गेला तेव्हा तो आपल्याकडून खेळत होता. परवा तो समोरून खेळत होता. म्हणजे फझल आत असो की बाहेर, हरायचं आपणच.

सामना संपून पाच मिनिटं झाली नसतील, तोवर आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निदान सुरू झालं. ‘मोठा चढाईपटू आणा.’ ‘तिजोरी उघडा.’ ‘पोरासोरांवर किती दिवस चालणार?’ ही सगळी पुण्यातली माणसं, जिथे रिक्षाच्या दहा रुपयांवरून अर्धा तास वाद होतो. दुसऱ्याच्या तिजोरीतले दोन कोटी मात्र ती क्षणात खर्च करून मोकळी होतात. माझं म्हणणं नेमकं उलट आहे, आणि ते पराभवाच्या तिसऱ्या दिवशी मांडायला थोडा निगरगट्टपणा लागतो हे मला कबूल आहे.

आधी हिशेब. लिलावात एका संघाला खर्चायला साधारण पाच कोटी मिळतात. त्यात सगळा संघ उभा करायचा. २०१४ मध्ये पहिल्या लिलावात सर्वांत महाग गडी होता राकेशकुमार, १२ लाख ८० हजारांना. नऊ वर्षांत बोली वीसपट झाली. २०२३ मध्ये तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजार लावले, म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा एका माणसावर. पवन खेळलाही चांगला. टायटन्स २२ पैकी फक्त दोन सामने जिंकून तळाला राहिले.

यंदाचं घ्या. मे-जूनमध्ये मुंबईत झालेल्या लिलावात पहिल्या दोन महागड्या बोली होत्या मोहम्मदरेझा शादलुईची (गुजरात, २ कोटी २३ लाख) आणि देवांक दलालची (बंगाल, २ कोटी २० लाख ५० हजार). बारा संघांतले आठ प्ले-ऑफला गेले. त्या आठांत ना गुजरात होतं, ना बंगाल. साखळी फेरीच्या शेवटी अव्वल कोण? पलटण. दोन कोटींचा एकही गडी नसलेली पलटण.

‘पण शादलुईनेच तर आपल्याला जिंकून दिलं होतं ना?’ हा प्रश्न येणार हे मला ठाऊक आहे. २०२३ च्या लिलावात आपणच त्याला २ कोटी ३५ लाखांना उचललं, आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा चषक आणला. त्या मोसमात पकडींचे ९९ गुण एकट्या शादलुईचे. मग पैसा कामाला आला की नाही? आला. पण का आला, हे कळण्यासाठी तुम्हाला आमच्या काकांकडे यावं लागेल.

काका सत्तरी ओलांडलेले. पेठेतल्या एका संघाचा डावा कोपरा त्यांनी वीसेक वर्षं सांभाळला, सगळा मातीवर. मॅट त्यांच्या पायाला कधी लागलीच नाही. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सांध्यात कायमचं वाकडं झालंय. चहाचा कप उचलला की ती दोन बोटं बाहेरच राहतात. नव्या माणसाला वाटतं, काय ही नजाकत! काकू लगेच सांगतात, ‘नजाकत कसली, कुणाचा तरी घोटा आहे तो.’

मी गेली कित्येक वर्षं कबड्डीचे सामने त्यांच्याकडेच जाऊन बघतो. त्यांच्याबरोबर सामना बघणं हा वेगळाच प्रकार आहे, कारण ते चढाईपटूकडे बघतच नाहीत. समालोचक ओरडत असतात, कॅमेरा चढाईपटूच्या मांड्यांवर असतो, आणि काका पडद्याच्या कडेला कुठेतरी नजर लावून बसलेले असतात.

‘कोपऱ्यात उभं राहणं म्हणजे काय, ते सांग,’ त्यांनी मला एकदा विचारलं. मी सांगितलं, पाय पकडायचा.

‘पाय कुणीही पकडेल. केव्हा पकडायचा?’

मग त्यांनी टीपॉयवर दोन बश्या मांडल्या आणि चमचा ठेवून बोनस रेषा आखली. समोर सहा किंवा सात गडी असले तरच बोनस मिळतो. तो घ्यायचा तर एक पाय रेषेपलीकडे टाकायचा आणि त्या वेळी दुसरा हवेत हवा. म्हणजे तेवढा अर्धा क्षण चढाईपटू एका पायावर असतो, आणि तो पाय कोपऱ्याच्या पुढ्यातच असतो. ‘तेव्हा खाली बघायचं नाही,’ काका म्हणाले. ‘पाय खोटं बोलतो. नुसता दाखवतो आणि मागे घेतो. कंबर बघायची. कंबर फिरली की तो खरंच निघाला.’

हे झालं पहिलं अंग. दुसरं अंग त्यांनी बशी सरकवून दाखवलं. कोपऱ्याने घोटा धरला म्हणजे पकड झाली असं नाही, ती सुरू झाली. ऐंशी किलोचा गडी एका हाताच्या मुठीत मावत नाही. तो सूर मारतो, घसरत जातो, हाताचं बोट मध्यरेषेला टेकवतो. शेजारच्या कव्हरने, म्हणजे कोपऱ्यालगत उभ्या असलेल्या गड्याने, त्याच वेळी कमरेत झेप घेतली तर गुण आपला. त्याला थोडासा उशीर झाला तर कोपऱ्यातला बाद, आणि मागून धावत येऊन अंगाला लागलेले सगळे बाद. एका धाडसाची किंमत तीन गडी. मग उरतात चार, मागोमाग लोण, म्हणजे सगळा संघच बाद. म्हणून चांगला कोपरा उडी मारण्याआधी एका गोष्टीची खात्री करून घेतो: आपला शेजारी येणार आहे. बघून नव्हे, बघायला वेळच नसतो. त्याला ते ठाऊक असावं लागतं.

‘आणि हे ठाऊक कसं होतं?’ मी विचारलं.

‘वर्षानुवर्षं एकमेकांच्या अंगावर पडून,’ काका म्हणाले.

माझा सगळा मुद्दा या एका वाक्यात आहे. शादलुई २०२४ मध्ये पलटणीत चालला, कारण त्याच्या आजूबाजूला गौरव खत्री, अभिनेश नादराजन अशी एकमेकांना सरावलेली पोरं होती आणि मागे बी. सी. रमेश यांच्यासारखा जुना प्रशिक्षक होता. तयार साखळीत तो शेवटची कडी म्हणून बसला. तीच गोष्ट पुढच्या मोसमात हरियाणात. यंदा गुजरातने कडी विकत घेतली, पण साखळीचं काय? कबड्डीत हात विकत मिळतो. तो हात धरणारा दुसरा हात लिलावात ठेवलेला नसतो.

फझल, शादलुई असे इराणी खेळाडू कोपऱ्याच्या जागेवर का चमकतात, यावर काकांचं स्वतंत्र व्याख्यान आहे. थोडक्यात, कुस्तीचा देश आहे, पट काढणं रक्तात आहे. २०१८ च्या आशियाई स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असं हरवलं, त्या रात्री काका जेवले नव्हते म्हणे. तरी दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, ‘डावा कोपरा मात्र बघण्यासारखा.’

आता पलटणीचं. लिलावाच्या नियमांत नव्या तरुण खेळाडूंना हातोड्याखाली न आणता थेट करारावर घेण्याची सोय आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातून आलेला अस्लम इनामदार आणि मोहित गोयत आठव्या मोसमात याच वाटेने आले. दहाव्या, म्हणजे आपण चषक जिंकलेल्या मोसमात अस्लम अख्ख्या लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. हैदराबादच्या अंतिम सामन्यात मध्यंतराच्या तोंडावर एका चढाईत चार गुण आणणारा पंकज मोहितेही आपलाच. अस्लम, मोहित, पंकज, गौरव, अभिनेश ही पाच नावं २०२४ च्या विजेत्या संघात होती आणि यंदाच्या संघातही होती. दरवर्षी संघ मोडून नव्याने बांधायचा हीच ज्या खेळाची रीत, तिथे हा चमत्कार समजा. आदित्य शिंदे या रांगेतला पुढचा. तो परवा अखेरीला पकडला गेला म्हणून त्याला बदलायची भाषा करणाऱ्यांनी, आपण त्या वयात काय करत होतो ते आठवून पाहावं.

माझ्या सिद्धान्तात भोकं आहेत, हे लपवत नाही. दिल्लीकडेही आशु मलिकसारखा भारी चढाईपटू होता, आणि फझल तर कुणीही कुठेही बसवावा आणि चालावा असा अपवाद आहे. यू मुंबा, पाटणा आणि आता दिल्ली, तीन वेगवेगळ्या संघांकडून तो विजेता झालाय. पण दिल्लीचा प्रशिक्षक कोण? जोगिंदर नरवाल. २०२२ मध्ये दिल्ली पहिल्यांदा जिंकली तेव्हा हाच त्यांचा कर्णधार होता. साखळी मैदानावर मोडली तरी बाकावर शिल्लक राहू शकते, असं म्हणून मी माझी सुटका करून घेतो.

हिशेब बाजूला ठेवला तरी पाठीराख्याचा प्रश्न उरतोच. आपण टाळ्या कुणासाठी वाजवायच्या? शादलुईने आपल्याला चषक दिला, आणि पुढच्या डिसेंबरात बालेवाडीत, आपल्याच अंगणात, हरियाणाकडून पाटण्याला ३२-२३ असं हरवून पुन्हा उचलला. मी स्टेडियममध्ये होतो. त्याने मांडी थोपटली तेव्हा माझ्या शेजारची केशरी जर्सीतली मुलगी उठून उभी राहिली, ओरडली, आणि मग काहीतरी चुकल्यासारखी खाली बसली. तिच्या वडिलांनी तिची समजूत घातली नाही. काय घालणार?

मुंबईकरांना हे दुःख आपल्या आधीपासून माहीत आहे. एरवी मुंबईकरांचं काही मान्य करायची आमची पद्धत नाही, पण हे मान्य करायला हवं. चंदगडचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुंबाकडून उतरला, ३६ लाख ४० हजारांना. पहिल्याच मोसमात चढाईचे २१८ गुण. वरळीपासून कोल्हापूरपर्यंत पोरं त्याच्यासारखी दाढी ठेवायला लागली. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाखांना त्याला नेलं. खेळाडूचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. गुडघा किती वर्षं टिकेल हे कुणालाच माहीत नसतं. ज्या प्रदीप नरवालने पाटण्याला ओळीने तीन चषक दिले आणि चढाईचे १८०० हून जास्त गुण केले, त्याला यंदाच्या लिलावात कुणीही घेतलं नाही. त्याने निवृत्ती जाहीर केली. २०२१ मध्ये त्याची बोली १ कोटी ६५ लाखांची होती. चार वर्षांत एवढा उतार. तेव्हा जिथे मिळेल तिथे मिळेल तेवढं घ्यावं, हेच शहाणपण.

आणि जर्सी बदलली की वैर बदलतं, यातही एक गंमत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्णपदकासाठी भारत आणि इराण भिडले, पवनच्या एका चढाईवरून वाद होऊन सामना कितीतरी वेळ थांबला. अस्लम इकडे, शादलुई तिकडे. भारत ३३-२९ ने जिंकला. पाच महिन्यांनी तेच दोघं एकाच केशरी जर्सीत एकच चषक धरून उभे होते. आमच्या ग्रुपवर तोवर शादलुईला ज्या शिव्या पडल्या होत्या, त्या कुणीतरी गुपचूप डिलीट केल्या.

मग खेळाडूवर जीव लावायचा की जर्सीवर? माझं उत्तर: जोडीवर. कोपरा आणि त्याचा कव्हर. वर्षानुवर्षं शेजारी उभे राहिलेले दोघं. ते टिकवण्यासाठी संघाने एखादा तारा सोडला तर मी तक्रार करणार नाही. परवाच्या तीन गुणांसाठीही नाही. प्रशिक्षक अजय ठाकूर यांनी पोरांना इथवर आणलंय. आता लिलावाआधी घाबरून त्यातली दोन-तीन विकू नका, एवढंच मागणं.

परवा सामना संपला तेव्हा मी काकांना म्हणालो, ‘बघितलंत? शेवटी फझलनेच घात केला.’

काका कपातला चहा संपवत होते, दोन बोटं बाहेर. म्हणाले, ‘फझल सगळ्यांनीच बघितला. त्याच्या शेजारी कोण होतं?’

मला सांगता आलं नाही. अकरा वर्षं मी हा खेळ त्यांच्या शेजारी बसून बघतोय, आणि ऐन वेळी माझी नजर तिथेच गेली होती जिथे कॅमेऱ्याने नेली. काकांनी रिमोट माझ्याकडे सरकवला. मी ती चढाई मागे घेऊन पुन्हा लावली, आणि या खेपेला फझलवर नजर जाऊ द्यायची नाही असं ठरवून पडद्याच्या कडेला बघत बसलो.