दंडाची बेटकुळी: कोपर स्थिर, मगच डंबेल वर

एप्रिल जवळ आला की कॅम्पातल्या आणि अंबरनाथ-बदलापूरच्या छोट्या जिममध्ये संध्याकाळी उभं राहायला जागा मिळत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत नवा टी-शर्ट घालायचा, तर डोले दिसले पाहिजेत! हौस चांगलीच आहे. फक्त आरशासमोर जरा बघा. दहातले सात जण डंबेल हाताने उचलत नाहीत, कमरेने झोका देऊन वर फेकतात. वजन वर जातं, पण दंडाला काम होत नाही आणि कंबर मात्र धरते. विशीत मीही हेच केलं आणि पंधरा दिवस वाकताना कण्हत होतो.

हा झोका बंद करणारा एक सोपा व्यायाम आहे. जिममध्ये त्याला 'कॉन्सन्ट्रेशन कर्ल' म्हणतात. बसून, एका वेळी एकाच हाताने करायचा. २०१४ साली अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज या संस्थेने बायसेपच्या आठ व्यायामांची तुलना करून घेतली, तेव्हा स्नायू सर्वांत जास्त कामाला लागला तो याच व्यायामात. कारण साधं आहे. दंड मांडीला टेकलेला असला की खांदा आणि कंबर मदतीला येऊ शकत नाहीत.

बाक नसला तरी चालतं. प्लॅस्टिकचं मजबूत स्टूल किंवा लोखंडी कॉटची कड पुरे. पाय फाकवून, तळवे जमिनीवर टेकवून बसा. कमरेतून थोडं पुढे वाका, पाठीला कुबड काढू नका. उजव्या हातात डंबेल घेऊन दंडाचा मागचा भाग, कोपराच्या जरा वर, उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला टेकवा. कोपर मांडीच्या वर ठेवायचं नाही. चूक बहुतेक इथेच होते. डावा हात डाव्या मांडीवर. डंबेल खाली लोंबू द्या, तळहात समोरच्या मांडीकडे असू द्या.

आता श्वास सोडत डंबेल खांद्याकडे आणा. दंड हलता कामा नये, मनगट मागे मुडपता कामा नये. वर क्षणभर थांबून दंड आवळा आणि श्वास घेत, मनात तीन मोजत खाली आणा. खाली आणणं हा अर्धा व्यायाम आहे. धपकन सोडलं तर तो वाया जातो आणि कोपराला हिसका बसतो. श्वास कोंडून जोर लावू नका, बीपी असलेल्यांनी तर मुळीच नाही.

एका हाताने दहा-बारा वेळा, असे दोन-तीन सेट, आठवड्यातून दोनदा. आधी कमजोर हात. तो जितके करेल तितकेच दुसऱ्याने. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत, पण त्यात खांदा उचकला तर वजन जास्त आहे असं समजा. डंबेल नसेल तर लिटरच्या बाटलीत कोरडी वाळू भरा, साधारण दीड किलो होते. बायकांनाही सुरुवातीला तेवढं पुरतं. रोज वीस लिटरचा कॅन, म्हणजे वीस किलो, जिन्यावरून नेणाऱ्या ताईंना वजनाचं कौतुक मी काय सांगणार! दिवसभर जीन्सच्या कारखान्यात गठ्ठे उचलले असतील, तर त्या दिवशी मात्र दंडाला सुट्टी द्या.

महागडी पावडर लागत नाही. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं असतात. डाळ, चणे, सोयाबीन, सुकट आहेच. 'महिन्यात फुगवतो' म्हणून कुणी इंजेक्शन देऊ लागलं तर तिथून निघा. स्टेरॉइडने स्नायू झपाट्याने वाढतो, पण त्याला हाडाशी बांधणारा दोर तितक्या वेगाने मजबूत होत नाही. मग तो तुटतो.

उचलताना कोपरापुढे 'टक्' आवाज होऊन कळ आली, काळंनिळं पडलं, बेटकुळी वर सरकल्यासारखी दिसली, तर तो दोर तुटलेला असू शकतो. मालिशवाल्याकडे जाऊ नका. उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात लगेच हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. काही आठवडे गेले की तो जोडणं अवघड होतं, आणि हातावर पोट असणाऱ्याचा हातच अधू होतो.

व्यायाम झाला की डंबेल कॉटखाली आत सरकवा. माळ्यावर राहत असाल तर जमिनीवर आपटू नका; खाली कुणाचं तरी बाळ झोपलेलं असतं.