आधी गणित, मग औंढ्याची जमीन

नायगावहून नांदेडमार्गे औंढा नागनाथला दर्शनाला जाणारे पुष्कळ. त्याच तालुक्यात दुधाळ्याजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा, ‘लायगो-इंडिया’, व्हायची आहे. तिची कुळकथा १९१६ पासून सुरू होते.

त्या वर्षी आइन्स्टाइननं या लहरी कागदावर मांडल्या. पण कागदावरचं खरं मानायला मन सहजी धजत नाही, मांडणाऱ्याचंसुद्धा. १९२२ मध्ये एडिंग्टननं दाखवलं, की त्यांतल्या काही लहरी निव्वळ मोजणीच्या चौकटीतून उपजल्यात. त्या विचाराच्या वेगानं धावतात, असा टोमणाही त्यानं मारला. १९३६ मध्ये तर आइन्स्टाइन आणि रोझेन यांनी ‘अशा लहरी नसतातच’ असा लेख पाठवला. परीक्षकानं शंका काढल्यावर आइन्स्टाइननं रागावून तो मागे घेतला. पुढच्या वर्षी दुसरीकडे छापून आला, तेव्हा निष्कर्ष बदललेला होता.

या लहरी शोधण्याच्या कामात पुणंही होतं. खगोलशास्त्रज्ञ नारळीकरांनी १९८८ मध्ये तिथं ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभारली. तिथं संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये, अमेरिकेतली ‘लायगो’ वेधशाळा बांधायला घेण्याआधीच, एक प्रश्न हाती घेतला: यंत्राच्या गोंगाटातून लहर ओळखायची कशी? एकमेकांभोवती फिरत विलीन होणारी कृष्णविवरांसारख्या जड वस्तूंची जोडी कोणत्या वस्तुमानाला कसा आलेख देईल, हे गणितानं आधीच काढायचं. असे नमुने किती दाट घ्यायचे तेही ठरवायचं. मग आलेली नोंद एकेकाशी ताडायची. जत्रेच्या गलक्यातही घरच्या माणसाची हाक कळते, ती आधीपासून कानात असते म्हणून.

१४ सप्टेंबर २०१५ ला लायगोत अशी लहर आली. यंत्राच्या ४ किलोमीटरच्या भुजेच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पट लहान. गंमत म्हणजे तिची पहिली चाहूल नेमक्या नमुन्यांवर न विसंबणाऱ्या शोधपद्धतीला लागली. नमुन्यांनी मग खात्री पटवली. मला हा तपशील सगळ्यात मोलाचा वाटतो. आपण न मांडलेलंही येऊ शकतं, एवढी जागा लायगोच्या लोकांनी राखली होती.

२०१६ मध्ये भारतातल्या वेधशाळेला तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटींची पूर्ण मंजुरी मिळाली. दूरवरचं आणखी एक यंत्र असलं, की लहर आकाशात कुठून आली ते नेमकं कळतं.

किल्लारीच्या भूकंपाची ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवणाऱ्यांना ‘शांत जमीन’ म्हणून मराठवाडा निवडल्याचं नवल वाटेल. पण इथली शांतता म्हणजे समुद्राच्या लाटा, कारखाने, रहदारी यांच्या अखंड थरथरीपासूनचं अंतर. भूकंपाच्या वेळच्या नोंदी वगळता येतात. ही थरथर मात्र चोवीस तासांची.