हवा कुठे हवी, कुठे नको?

गोठ्याशेजारी किंवा बंद पडलेल्या गिरणीमागे उभी असलेली जुनी डिझेल पिकअप आपण सर्वांनी पाहिलेली आहे. टायर जमिनीला टेकलेले, हौद्यात पालापाचोळा आणि बॉनेटखाली उंदरांचा संसार. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९८८ साली टाटामोबाइल बाजारात आणली. त्यानंतरच्या वर्षांत अशा लहान मालवाहू गाड्या गावोगाव दिसू लागल्या. त्यांतल्या कित्येक आता वर्षानुवर्षे जागच्या हललेल्या नाहीत. मालक म्हणतो, "चालू असतानाच उभी केली होती. नवी बॅटरी टाकली की होईल सुरू."

कधी कधी ती खरोखरच सुरू होते, आणि धोका तिथूनच सुरू होतो. उभी गाडी विश्रांती घेत नसते. तिच्यात गंज, पाणी, बुरशी आणि हवा यांचे काम चालूच असते. ती पुन्हा रस्त्यावर आणायची तर कोणते काम आधी आणि कोणते नंतर, याला फार महत्त्व आहे. हा क्रम पाठ करण्याची गरज नाही. गाडीच्या प्रत्येक भागाशी थांबून एकच प्रश्न विचारावा : इथे हवा असायला हवी की नको? येथे आपण संगणकाशिवाय चालणाऱ्या, यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनांचाच विचार करणार आहोत.

ठिणगीशिवाय आग

पेट्रोल इंजिनात इंधन पेटवायला ठिणगी लागते. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. सायकलला जोराने हवा भरल्यावर पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते, हे मुलांना ठाऊक असते. दट्ट्या आणि नळी यांचे घर्षण हे त्याचे एक कारण, पण मुख्य कारण म्हणजे हवा चटकन दाबली गेली की तापते. डिझेल इंजिनात हेच फार मोठ्या प्रमाणावर घडते. सिलिंडरमधली हवा दट्ट्या सुमारे एक-विसांश आकारमानात दाबतो.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हे गणित करता येईल. सुरुवातीला हवा २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्विन आहे असे समजा. उष्णता बाहेर जाऊ न देता ती एक-विसांश केली, तर ३०० ला २० च्या ०.४ घाताने गुणायचे. उत्तर येते सुमारे ९९४ केल्विन, म्हणजे ७२० अंश सेल्सिअस. प्रत्यक्षात थोडी उष्णता सिलिंडरच्या भिंतींत जाते आणि थोडी हवा रिंगांच्या फटींतून निसटते, म्हणून तापमान याहून कमी भरते. तरीही चांगल्या इंजिनात ते ५०० अंशांच्या पुढे जाते. डिझेल साधारण २१० ते २५० अंशांना आपोआप पेट घेऊ शकते, पण इंजिनात ते सेकंदाच्या काही हजाराव्या भागात पेटायला हवे. त्यासाठी हवा बरीच जास्त तापलेली लागते.

रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची १८९७ साली जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे चाचणी झाली. इंधनातील उष्णतेपैकी २६.२ टक्के भाग त्या इंजिनाने कामात रूपांतरित केला. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या तुलनेत ही मोठीच झेप होती. तिच्यामागे होती ही दाबून तापवलेली हवा.

आधी हाताने फिरवा

सिलिंडरमध्ये हवा हवी, हे झाले. पण तिथे पाणी असेल तर? दोन लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनात प्रत्येक सिलिंडरचे काम अर्ध्या लिटरचे असते. हवा एक-विसांश व्हायची असेल, तर दट्ट्या वरच्या टोकाला पोचल्यावर उरणारी जागा केवळ २६ मिलिलिटर असते, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांहूनही कमी. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. तेवढे पाणी आत असताना सेल्फ मारला, तर दट्ट्या मध्येच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला आलेल्या महापुरासारख्या पुरात बुडालेली गाडी सुरू करून पाहू नये, ती ओढून न्यावी, ती याचसाठी.

म्हणून पहिले काम बॅटरीचे नाही. गाडी सपाट जागी घेऊन चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. एअर फिल्टरचा डबा उघडून उंदराचे घरटे नाही ना, ते पाहावे. ऑइलची पट्टी काढून ऑइल तपासावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. पातळी खुणेच्या वर गेलेली असेल, तर ऑइलमध्ये पाणी किंवा डिझेल मिसळल्याचा संशय घ्यावा. मग ग्लो प्लग, ज्यांना गॅरेजमध्ये हीटर म्हणतात, ते काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे आणि एक-दोन दिवस मुरू द्यावे. त्यानंतर क्रँकशाफ्टच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. ते अडले तर जोर लावू नये. रिंगा गंजून सिलिंडरला चिकटलेल्या असतात आणि जबरदस्तीने तुटतात. टायमिंग बेल्ट असेल तर तो याच वेळी बदलावा. रबराचे वय किलोमीटरवर ठरत नाही, वर्षांवर ठरते.

बॅटरी येते ती यानंतर. डिझेल इंजिन सुरू व्हायला ते मिनिटाला साधारण दीडशे-दोनशे फेरे फिरावे लागते. बॅटरी अशक्त असेल तर इंजिन फिरते, पण हळू. हळू दाबल्या जाणाऱ्या हवेला निसटायला आणि थंड व्हायला जास्त वेळ मिळतो. "सेल्फ तर फिरतोय, मग गाडी का सुरू होत नाही?" या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते. पूर्ण भरलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर, ती काही तास स्वस्थ ठेवल्यानंतर, १२.६ व्होल्टच्या आसपास दाब मिळतो.

टाकीत पाणी, नळीत हवा

अर्धवट भरलेली टाकी रोज श्वास घेते. दिवसा तापल्यावर आतली हवा बाहेर जाते. रात्री थंड झाल्यावर दमट हवा आत येते आणि तिच्यातली वाफ टाकीच्या पत्र्यावर थेंबांच्या रूपाने जमते. डिझेल पाण्याहून हलके असल्यामुळे पाणी तळाशी बसते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात त्या पातळीवर बुरशी व जीवाणू वाढतात. डिझेल हे त्यांचे अन्नच. त्यांचा बुळबुळीत थर पहिल्या काही किलोमीटरांतच फिल्टर बंद करतो. तेव्हा जुने डिझेल काढून टाकावे, टाकी उतरवून धुवावी, फिल्टर नवा घालावा आणि रबरी नळ्या बदलाव्यात. तडकलेल्या नळीतून डिझेल ठिबकेलच असे नाही. पंप ओढत असताना तिच्यातून हवा आत शिरते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

ही हवा एवढी त्रासदायक का? वर्गात एक प्रयोग करून पाहा. सुया काढलेल्या दोन सिरिंज घ्या आणि सलाइनच्या नळीने जोडा. सगळीकडे पाणी भरून एकीचा दट्ट्या दाबा. दुसरीचा दट्ट्या लगेच हलतो. आता दुसरीचा दट्ट्या बोटाने घट्ट धरून पहिली दाबा. ती जवळजवळ हलत नाही. मग एका सिरिंजमध्ये तीन-चार मिलिलिटर हवा येऊ द्या आणि पुन्हा तसेच करा. दट्ट्या स्प्रिंगसारखा आत जातो, सोडला की परत येतो. तुमचा जोर हवा दाबण्यातच खर्च होतो, पलीकडे पोचतो तो उरलासुरला.

इंजेक्टर उघडायला अशा इंजिनांत वातावरणाच्या शंभराहून अधिक पट दाब लागतो. पंपाने एका वेळी ढकललेले डिझेल मात्र एका थेंबाहूनही कमी असते. नळीत तेवढाच बुडबुडा असला तरी पंपाचा संपूर्ण ढकला तो दाबण्यात जातो आणि इंजेक्टर बंदच राहतो. म्हणून "एअर काढणे" हे काम करावे लागते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा. फेसाळ डिझेल येईनासे होऊन स्वच्छ धार आली की तो घट्ट करायचा. मग हेच मुख्य पंपाशी करायचे. शेवटी इंजेक्टरकडच्या नळ्यांचे नट थोडे सैल करून सेल्फ मारायचा आणि डिझेल पाझरू लागले की ते आवळायचे. या वेळी डोळ्यांवर चष्मा हवा आणि बोटे नळ्यांपासून लांब हवीत. इंजेक्टरचा फवारा कातडी भेदून आत जाऊ शकतो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण तिला ताबडतोब शस्त्रक्रियेची गरज असते.

धूर काय सांगतो?

पहिल्यांदा सेल्फ मारताना इंधन तोडणारी कळ ओढून ठेवावी, म्हणजे इंजिन नुसते फिरेल आणि ऑइल सगळीकडे पोचेल. ऑइलचा दिवा विझला की कळ सोडावी, हीटर तापू द्यावेत आणि सेल्फ मारावा. आता एक्झॉस्टकडे पाहायचे. धूर अजिबात नसेल, तर सिलिंडरमध्ये डिझेल पोचलेलेच नाही. पुन्हा नळ्यांकडे वळावे. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचते आहे पण पेटत नाही. म्हणजे हवा पुरेशी तापत नाही, आणि दोष बॅटरी, हीटर किंवा रिंगा यांत शोधावा. सुरू झाल्यावर काळा धूर राहिला तर इंधनाच्या मानाने हवा कमी पडते आहे. निळा असेल तर ऑइल जळते आहे. ईथरचा फवारा मारून गाडी सुरू करण्याचा मोह टाळावा. तापलेल्या हीटरवर तो अवेळी भडकतो.

आणखी एक तयारी सुरू करण्यापूर्वीच हवी, ती इंजिन बंद करण्याची. डिझेल इंजिन बंद होते ते इंधन तोडल्यामुळे. पंपाचे आतले भाग चिकटले असतील तर ते तुटत नाही. कधी इंजिन स्वतःचे ऑइलच ओढून जाळू लागते आणि त्याचे फेरे बेफाम वाढतात. अशा वेळी एकच उपाय उरतो : हवा तोडणे. यासाठी हवा आत जाण्याचे तोंड पुरते झाकेल अशी जाड, सपाट फळी हाताशी ठेवावी. हाताच्या तळव्याने ते तोंड झाकायला कधीही जाऊ नये.

इंजिन चालू राहिले की रेडिएटरकडे लक्ष द्यावे. पाणी नव्याने भरताना आत अडकलेली हवा हेडमध्ये साठते. तिथे पाणी पोचत नाही आणि तापमान चढते.

सुरू झाली, पण थांबेल का?

इंजिनचा आवाज ऐकून सगळ्यांचे चेहरे खुलतात आणि कोणी तरी म्हणतो, "एक चक्कर मारून आणू." नेमके हेच करायचे नसते. ब्रेकची दुरुस्ती ही चक्कर मारण्याच्या आधीची पायरी आहे.

दोन टन वजनाची गाडी घाटात ५०० मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे एक कोटी जूल ऊर्जा कुठे तरी जावी लागते. तेवढ्या उष्णतेने ३४ लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीपर्यंत नेता येईल. काही भाग इंजिन आणि वारा घेतात, उरलेला ब्रेक तापवतो. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. डॉट ३ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू प्रमाणाप्रमाणे किमान २०५ अंश असतो. पाणी शोषलेल्या स्थितीत किमान १४० अंशांची अट आहे. म्हणजे वर्षानुवर्षे पडून राहिलेले ऑइल घाटात उकळू शकते. वाफेचे बुडबुडे झाले की आपल्या सिरिंजमधला प्रकार घडतो : पाय दाबतो, पॅडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही.

म्हणून सगळे ब्रेक ऑइल बदलावे, चाकांजवळच्या सिलिंडरांची रबरे नवी घालावीत, रबरी होज बदलावेत आणि एकेका चाकाची हवा काढावी. पॅडल घट्ट लागले पाहिजे. दाबून धरल्यावर ते सावकाश खाली जात असेल, तर कुठे तरी गळती आहे.

एका जागी मात्र हवा नसण्यातच फायदा असतो. पाय हलका करणारा ब्रेक बूस्टर एका बाजूची हवा काढून घेऊन चालतो. या डिझेल इंजिनांत हवा अडवणारा पडदा नसल्याने निर्वात तयार करायला वेगळा पंप बसवलेला असतो. त्याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद असताना पॅडल पाच-सहा वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पॅडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे.

टायरमध्ये हवा हवीच, पण ती भरली म्हणजे टायर चांगला झाला असे नाही. टायरच्या कडेवर चार अंकी आकडा असतो. २३१४ असेल तर तो टायर २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. कडेला चिरा असलेला जुना टायर नक्षी शाबूत असली तरी बदलावा. यानंतर फिटनेस, विमा आणि पीयूसी. डिझेल गाडीच्या पीयूसी चाचणीत धुराची अपारदर्शकता मोजतात, म्हणजे हवा आणि इंधन यांचे प्रमाण जमले की नाही, हे तिथेही पुन्हा तपासले जाते.

जवळच्या गॅरेजमध्ये मुलांना घेऊन जाता आले तर मेकॅनिकला एअर कशी काढतात ते दाखवायला सांगा. त्याआधी वर्गात सिरिंजचा प्रयोग झालेला असू द्या. मग मुलांना विचारा : इंजेक्टरच्या नळीत बुडबुडा राहिला तर काय होईल, आणि ब्रेकच्या नळीत राहिला तर? पहिल्या चुकीने गाडी सुरू होणार नाही. दुसरी चूक कळायची ती घाटात.