दुधनीत समुद्र पाळायचा तर…

कुळ : फुलपाखरू माशांच्या सुमारे १३० जाती आहेत. अनेकांचे मुख्य खाद्य म्हणजे जिवंत प्रवाळांचे मऊ जीव. असे मासे घरच्या टाकीत बहुधा उपाशी मरतात. ते घेऊच नयेत.

त्यातल्या त्यात : लांब चोचीचा कॉपरबँड. काचेवर माजणारी एप्टेशिया ही उपद्रवी समुद्रफुले तो टिपतो.

खाणे : दिवसातून दोन-तीनदा, थोडे थोडे. गोठवलेले मायसिस व आर्टेमिया, उघडलेली तिसरी. दुकानात मासा खाताना पाहूनच विकत घ्या.

पाणी : टाकी किमान ४०० लिटरची. बोअरचे जड पाणी नको. आरओ पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ मिसळावे. खाण्याचे मीठ चालत नाही. बाष्पीभवनाने घटलेली पातळी मात्र गोड्या पाण्यानेच भरावी, कारण मीठ उडत नाही.

उन्हाळा : पाणी हवे २४ ते २७ अंश, पण दुधनीच्या अक्कलकोट तालुक्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. चिलर आणि वीज गेल्यावर हवा देणारा बॅटरी-पंप हवाच.

कायदा : खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. टाकीसाठी आपल्या किनाऱ्यावरून ते उचलणे गुन्हा आहे.