जुनी छायाचित्रण भिंगे : अंकीय कॅमेऱ्यावरील वापर

फिल्म कॅमेऱ्यांसाठी बनविलेली व हाताने कडे फिरवून चालविली जाणारी भिंगे अंकीय कॅमेऱ्याला जोडून छायाचित्रे घेण्याची पद्धती. अशा भिंगांत विद्युत् चलित्र किंवा विद्युत् संपर्क नसतात; काच, धातू व मळसूत्र यांवरच त्यांचे कार्य चालते. त्यामुळे मूळ कॅमेरा कालबाह्य झाला, तरी भिंग उपयोगी राहते. मात्र ते कोणत्या नव्या कॅमेऱ्यावर चालेल, हे त्याच्या दर्जापेक्षा एका अंतरावर अधिक अवलंबून असते.

भिंग कॅमेऱ्याच्या ज्या बैठकीवर टेकते, ती बैठक आणि फिल्म वा संवेदक यांमधील हे अंतर होय. ४२ मिमी. व्यासाच्या एम ४२ या मळसूत्री बैठकीत ते ४५·४६ मिमी., निकॉन एफ बैठकीत ४६·५ मिमी. व कॅनन ईएफ बैठकीत ४४ मिमी. असते. भिंग मूळ अंतरावर बसले, तरच अतिदूरच्या वस्तूंची प्रतिमा रेखीव मिळते. नव्या कॅमेऱ्यातील अंतर कमी असेल, तर फरकाइतक्या जाडीचे जोडकडे मध्ये घालून काम भागते. एम ४२ भिंग कॅनन ईएफ कॅमेऱ्यावर १·४६ मिमी. जाडीच्या कड्याने बसते. निकॉन एफ कॅमेऱ्यावर मात्र ते १·०४ मिमी. पुढे राहते. हा फरक क्षुल्लक वाटला, तरी त्यामुळे ५० मिमी. केंद्रांतराच्या भिंगाने सु. २·५ मी. पलीकडील काहीही रेखीव टिपता येत नाही. जोडकड्यात दुरुस्तीचे भिंग बसवून हा दोष घालविता येतो. पण त्याने प्रतिमेचा दर्जा घटतो व चांगले जुने भिंग वापरण्याचे प्रयोजनच उरत नाही.

एकभिंगी प्रतिक्षेपी कॅमेऱ्यात भिंगामागे हलत्या आरशासाठी जागा सोडावी लागते. २००८ मधील पॅनासॉनिक जी १ पासून आरसाविरहित कॅमेरे प्रचारात आले आणि ही अडचण दूर झाली. सोनी ई बैठकीत हे अंतर केवळ १८ मिमी., तर २०१८ मधील निकॉन झेड व कॅनन आरएफ बैठकींत अनुक्रमे १६ व २० मिमी. आहे. सोनी ई कॅमेऱ्यावर एम ४२ भिंगासाठी २७·४६ मिमी. लांबीची काचविरहित नळी पुरते.

भिंग जोडलेले असल्याचे कॅमेऱ्याला कळत नाही. म्हणून भिंगाविना झडप उघडण्याची मुभा देणारी योजना प्रथम चालू करावी लागते. छिद्र हाताने ठरविल्यावर उद्‍भासनकाल कॅमेरा स्वतः निश्चित करू शकतो. केंद्रीकरणासाठी दर्शकातील प्रतिमा मोठी करून पाहणे हा सर्वांत विश्वसनीय उपाय होय. कडा रंगाने उठावदार करणारी सोय जलद असली, तरी मोठ्या छिद्राला ती फसवी ठरते.

संवेदक ३६ × २४ मिमी. पेक्षा लहान असेल, तर प्रतिमेचा मध्यभागच टिपला जातो. अशा १·५ पट लहान संवेदकावर ५० मिमी. भिंगाचे दृष्टिक्षेत्र ७५ मिमी. भिंगाइतके होते, केंद्रांतर बदलते असे मानणे चूक आहे. सोव्हिएट हेलिओस ४४ (५८ मिमी., एफ/२) या भिंगाची ख्याती पार्श्वभूमीत उमटणाऱ्या भोवऱ्यासाठी आहे. हा भोवरा कडेच्या भागात असल्याने लहान संवेदकावर जवळजवळ दिसेनासा होतो. मागील काच फिल्मच्या अगदी जवळ असलेल्या काही विशालकोनी भिंगांची गत याउलट असते. त्यांचे तिरपे किरण फिल्म सहज स्वीकारी; पण संवेदकावरील गाळणकाचेमुळे मोठ्या संवेदकावर कोपरे अस्पष्ट होतात व कधी रंगाची झाकही येते.

आसाही कंपनीच्या सात घटकांच्या सुपर टाकुमार (५० मिमी., एफ/१·४) भिंगासारख्या काही भिंगांत काचेचा प्रणमनांक वाढविण्यासाठी थोरियम वापरलेले आहे. त्याच्या किरणोत्सर्गाने काच कालांतराने पिवळी पडते. जंबुपार प्रकाशात ठेवल्यास हा रंग बराच उतरतो. अखंड भिंग नेहमीप्रमाणे वापरण्यात धोका अल्प असतो. पण त्याची काच घासणे वा फोडणे घातक आहे, कारण धूळ श्वासावाटे शरीरात जाते. कोकण व मुंबईच्या पावसाळी हवेत याहून नित्याचा शत्रू म्हणजे बुरशी. तिच्या स्रावाने काचेवरील लेप व पुढे काचही खरवडली जाते आणि मग स्वच्छ करूनही डाग राहतात. म्हणून जुने भिंग घेताना छिद्र पूर्ण उघडून, मागून विजेरीचा झोत टाकून ते तपासतात व पावसाळ्यात सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवतात.